वाटून खाल्लेली गोळी

आमच्या घरात औषधाची गोळी कधी एकट्याची नसते. एकाला लागू पडली की ती सगळ्या घराण्याची होते. दिरांच्या गुडघ्यासाठी आणलेलं मलम सासूबाईंनी एकदा कपाळाला चोळलं, डोकं उतरलं, आणि ती ट्यूब पुढे दोन शेजारणींकडे फिरून चपटी होऊन परत आली. माझ्या नवऱ्याच्या पित्ताच्या गोळ्या मटणाच्या जेवणानंतर पाहुण्यांसमोर बडीशेपेशेजारी ठेवल्या जातात. फ्रिजवर मोराच्या चित्राचा पत्र्याचा डबा आहे. त्यात कात्रीने कापलेल्या पट्ट्यांचे तुकडे असतात आणि कात्री नेमकी औषधाच्या नावावरूनच चाललेली असते. ‘ती गुलाबी दे’, ‘ती लांबट दे’, एवढ्यावर आमचं वैद्यक चालतं.

त्या डब्याची मालकीण मी. बदलापूर गावातल्या आमच्या घरात दोन भाऊ, दोन जावा, एक अंगण आणि दोन स्वयंपाकघरं. त्यात मी धाकटी, आणि अंबरनाथच्या एका प्राथमिक शाळेत शिक्षिका. शिक्षिका म्हणजे शिकलेली, आणि शिकलेली म्हणजे अर्धी डॉक्टर, असा घरातला समज. मीही तो कधी मोडला नाही. उलट कुणी पोट धरून आलं की मी चष्मा नाकावर घसरवून, डबा खुळखुळवून, “जीभ दाखव,” अशी सुरुवात करायची. लोकांना बरं वाटण्याआधी हसू यायचं, आणि मला तेच हवं असायचं.

सेहेचाळिसाव्या वर्षी माझी पिशवी काढली. गर्भाशय म्हणतात ते शाळेच्या पुस्तकात. बायकांत ती पिशवी. सोबत अंडाशयंही गेली. महिन्याचा त्रास संपला म्हणून मी पेढे वाटायच्या बेतात होते, आणि तेवढ्यात अंगाला आग लागली.

आग म्हणजे आगच. पोटातून एक भपका उठायचा, मान, कान, टाळू असा चढत जायचा, आणि मग सगळीकडून पाणी. एकदा मी तिसरीच्या वर्गात पाण्याची वाफ कशी होते ते शिकवत होते. भपका आला. खडू हातात वितळतो की काय असं वाटलं. पहिल्या बाकावरची एक चिमुरडी म्हणाली, “बाई, तुम्ही रडताय?” दुसरी म्हणाली, “नाही गं, बाईंची वाफ होतेय.” सगळा वर्ग हसला. मीही हसले, वर्गाबाहेर गेले आणि नळाखाली डोकं धरलं. तो धडा त्या वर्गाला आजही पाठ असेल.

उल्हासनगरच्या कॅम्प दोनमध्ये चेन आणि बटणं विकणाऱ्या दुकानाच्या वर एक वयस्कर सिंधी डॉक्टरीणबाई बसतात. त्यांच्याकडे गेले. माझं सगळं नाटक त्यांनी शांतपणे पाहिलं आणि म्हणाल्या, “बेटा, तेरी फॅक्टरी बंद हो गई है. थोडा माल बाहर से मंगाएंगे.” तो माल म्हणजे इस्ट्रोजेनची छोटी गोळी. दर वर्षी छातीचा फोटो, म्हणजे मॅमोग्राफी, काढायचा, त्यांना दाखवायला यायचं, आणि चिठ्ठी देताना शेवटचं, “ये सिर्फ तेरे लिए है. किसी को देना मत.”

मी “हो” म्हटलं. हो म्हणायला काय लागतं!

तीन आठवड्यांत मी पुन्हा माणसात आले. पहिल्या वर्षी फोटो काढला, स्वच्छ आला. दुसऱ्या वर्षी शाळेत निवडणुकीचं काम होतं, तिसऱ्या वर्षापासून आठवण राहिली नाही. खरं सांगायचं तर राहिली होती, पण बरं वाटत असताना दवाखान्यात कोण जातं?

आता माझ्या थोरल्या जावेबद्दल. तिला मी वैनी म्हणते. माझ्यापेक्षा तीन वर्षांनी मोठी, आणि घरात माझ्या पाच वर्षं आधी आलेली. मासे साफ करायला, नऊवारी घट्ट नेसायला आणि सासूबाईंच्या बोलण्याकडे दुर्लक्ष करायला मला तिनंच शिकवलं. हळदीत ती गाणं उचलते. तिचा आवाज असा की भोंगा लावलाच तर तो बिचारा लाजावा. आणि गाणं थांबलं की मी नकला करते. नवरदेवाची आत्या, फोटोवाला, रुसलेला मामा. वैनी माझ्या नकलांना पहिली हसते. तिला ऐकून बाकीच्या हसतात. आमची ती जोडीच होती.

तिची पाळी आपापली थांबली होती, काही गाजावाजा न होता. “गेली एकदाची,” एवढंच म्हणाली होती. पण मग दीड-दोन वर्षांनी तिलाही भपके सुरू झाले. मागच्या वर्षी मे महिन्यात शिरगावला नात्यातल्या मुलीची हळद होती. वैनी कूलरसमोर खुर्ची टाकून अशी बसली की मागच्या चार रांगांना वारा बंद. वर तिनं पदर कूलरवर पसरला. कुणीतरी म्हणालं, “ओ काकी, जरा सरका.” ही म्हणाली, “सरकलो तं मरन मी.” मी लगेच उठून कूलरला नमस्कार करणाऱ्या बाईची नक्कल केली. मांडव हसून लोटपोट झाला. वैनी हसली नाही. ते मी पाहिलं, आणि नक्कल पुरी केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या वेळी ती माझ्या स्वयंपाकघरात आली. “मना आता सोसत नाय गो,” ती म्हणाली. “रात भर चादर नाय लागत, दिवसा कोनाशी बोलाला नको वाटतं. तू कशी अशी थंडगार?”

मी डबा खाली काढला. मी तिला म्हटलं, उजवा हात पुढे कर, डोळे मीट. तीर्थ देतात तशी ती गोळी मी तिच्या तळहातावर ठेवली आणि काहीतरी मंत्र पुटपुटले. ती डोळे मिटूनच हसत होती. हसत हसत तिनं ती गोळी गिळली.

मग पुढचे आठ-नऊ महिने आम्ही दोघी रोज चहानंतर एकत्र गोळी घ्यायचो. मी कॅम्प दोनमधल्या ओळखीच्या मेडिकलवाल्याला सांगून ठेवलं होतं की पट्ट्या दुप्पट दे, आणि माझी जाऊ आली तरी दे. त्यानं चिठ्ठी विचारली नाही. वैनीचे भपके गेले, झोप आली, आवाज परत आला. दिवाळीत तिनं मला स्वतःच्या हातानं साडी नेसवली आणि म्हणाली, “डाक्टर व्हयाला पायजे व्हतीस तू.” मला तेव्हा जो आनंद झाला तो आता आठवतानासुद्धा तोंड लपवावंसं वाटतं.

फेब्रुवारीत अंघोळ करताना डाव्या छातीत बाहेरच्या बाजूला काहीतरी हाताला लागलं. वालाच्या दाण्याएवढं. दाबलं तर दुखत नव्हतं. दुखत नाही म्हणजे काही नाही, असं मी ठरवलं, आणि आठ दिवस रोज तो दाणा जागेवर आहे का ते पाहिलं. तो होता.

डॉक्टरीणबाईंनी हात लावून पाहिलं आणि फॅक्टरीचा, मालाचा एकही शब्द काढला नाही. त्या गप्प झाल्या तेव्हाच मला कळलं. मग फोटो, सोनोग्राफी, सुई घालून तुकडा काढणं, आणि शेवटी एका सर्जनची खोली. नवरा शेजारी बसला होता. सर्जन तरुण होते, सरळ बोलणारे. कॅन्सर आहे म्हणाले. लवकर सापडला आहे, ऑपरेशन होईल, नंतर किरणं द्यावी लागतील. ही गाठ इस्ट्रोजेनवर पोसली जाणारी आहे, तेव्हा त्या गोळ्या आजपासून बंद.

“त्या गोळ्यांमुळेच झालं का?” मी विचारलं.

“तुमच्या बाबतीत ते छातीठोकपणे कुणीच सांगू शकणार नाही,” ते म्हणाले.

हा शब्द, त्या खोलीत! मी फसकन हसले. नवऱ्यानं माझ्याकडे वेड लागल्यासारखं पाहिलं. डॉक्टरांना काय झालं ते कळलंच नाही. ते कागदावर लिहीत पुढे बोलत राहिले. “तुमचं गर्भाशय काढलेलं आहे ना? म्हणून फक्त इस्ट्रोजेन दिलं होतं. गर्भाशय असलेल्या बाईला ते एकटं देत नाहीत. सोबत दुसरं संप्रेरक लागतं.”

“का?”

“नाहीतर आतलं अस्तर वाढत जातं. वाढता वाढता कधी कधी तिथेही कॅन्सर होतो.”

माझं हसू कुठे गेलं ते मला माहीत नाही. मी त्यांना आणखी एक प्रश्न विचारायला हवा होता. शेजारी नवरा होता, आणि ‘मी माझ्या जावेला’ हे तीन शब्द माझ्या तोंडातून बाहेर पडले नाहीत. रिक्षात बसल्यावर नवरा माझा हात धरून रडला. त्याला वाटलं मी माझ्यासाठी गप्प आहे.

घरी सगळे अंगणात जमले. वैनीनं असा टाहो फोडला की पलीकडच्या आळीतून बायका आल्या. मी तिला ओढत परसात नेलं. भेंडीच्या वाफ्याजवळ उभं केलं आणि म्हटलं, “वैनी, ती गोळी आजपासून घेऊ नकोस.”

“कंची गोली? आज तुझा सांग. माझा काय हाय!”

“मला पिशवी नाही. तुला आहे. ती गोळी पिशवी असणाऱ्या बाईला चालत नाही. आत अस्तर वाढतं.”

“अस्तर?”

आता मी काय करावं? तिसरीला शिकवायची सवय. मी पदर हातावर गुंडाळला, एक घडी, दोन घड्या, तीन, अस्तर कसं जाड होत जातं ते दाखवलं. माझा हात उशीसारखा झाला. वैनी डोळे पुसत पाहत होती आणि तिला हसू फुटलं. “एवढा झाला तरी तुझा नाटक नाय सुटत!” आणि मला मिठी मारून पुन्हा रडायला लागली.

दुसऱ्यांदा मी हातवारे न करता सांगितलं. तेव्हा ती हसली नाही. वाल सोलत होती. मान वर न करता म्हणाली, “तुझी बंद झाली म्हनून माझी पन बंद?”

“तसं नाही, वैनी.”

“नायतर काय? मना काय झाला नाय. मना झोप लागते. तुझ्या आंगाचा माझ्या आंगाला नको लावू, बाय.”

ती हे रागानं बोलली नाही, आणि तेच मला जास्त लागलं. जिला बरं करून दाखवलं ती बाई आता मी तिचं बरेपण काढून घ्यायला आलेय असं समजत होती. मी तिच्या कपाटातून पट्ट्या चोरल्या. हो, चोरल्याच, आणि संडासात टाकल्या. चार दिवसांनी तिच्याकडे नव्या आल्या. मी मेडिकलवाल्याकडे गेले आणि त्याला सांगितलं, माझ्या जावेला ती गोळी देऊ नका.

“दीदी,” तो म्हणाला, “आपही ने तो बोला था, भाभी आए तो आँख बंद करके देना.”

“आता मी सांगतेय, देऊ नका.”

“वो दूसरी दुकान से ले लेंगी. इधर कितनी दुकानें हैं, देखो.” त्यानं हात बाहेर रस्त्याकडे केला. मी पाहिलं. खरंच बरीच होती.

तुम्ही म्हणाल, सरळ दिरांना सांगायचं. नवऱ्याला सांगायचं. तेही रोज ठरवत होते. पण ऑपरेशनची तारीख आली होती, आणि घरातले सगळे माझ्याकडे अशा नजरेनं पाहत होते की जणू मी काचेची आहे. त्या नजरा मला हव्या होत्या, असं आता वाटतं. त्या नजरांसमोर उभं राहून ‘मी वैनीला मारायला निघाले होते’ म्हणायचं धाडस मला झालं नाही.

ऑपरेशन झालं. छाती राहिली, गाठ आणि काखेतल्या काही गाठी गेल्या. कुशीतून एक नळी बाहेर काढून बाटलीला जोडली होती. हॉस्पिटलात माझ्याजवळ वैनीच राहिली. दुसऱ्या कुणाला राहू दिलं नाही. माझी वेणी घातली, तोंड पुसलं, बाटलीतलं लालसर पाणी किती झालं ते नर्सला ओरडून सांगितलं. गोळ्या बंद झाल्यानं माझे भपके परत आले होते, आणि पहिल्यापेक्षा दुप्पट जोरानं. वैनी एक्स-रेच्या मोठ्या पाकिटानं मला वारा घालायची. शेजारच्या खाटेवरची बाई म्हणायची, “बहीण आहे का?” वैनी म्हणायची, “जाव हाय. बहिनीला एवढा कोन करतंय!”

तिसऱ्या दिवशी दुपारी तिनं खुर्ची ओढून तोंड माझ्या कानाजवळ आणलं. चेहरा असा की नव्या नवरीला काही सांगायचंय. “एक सांगू? हसू नको.”

“सांग.”

“मना परत आली.”

“काय आली?”

“पाली गो! दोन महिने झाले. थोरी थोरी येते.” तिनं पदर तोंडाला लावला. “तुझ्या गोलीनं मना तरनी केली. तुझ्या भावजींना नाय सांगितला अजून.”

ती खरंच लाजली होती. चौपन्नाव्या वर्षी तिच्या गालावर लाली होती. तितकी सुंदर वैनी मी तिच्या लग्नाच्या फोटोतही पाहिली नव्हती. आणि मी, जिला प्रत्येक प्रसंगाला काही ना काही बोलता येतं, तशीच नळी धरून पडून राहिले. पाळी थांबून दोन-अडीच वर्षं झाल्यावर रक्त येणं म्हणजे काय ते मला आता ठाऊक होतं. पडल्या पडल्या फोनवर वाचून वाचून मी पाठ केलं होतं.

“वैनी, ती पाळी नाही,” मी म्हटलं. “ते रक्त आहे. तू डॉक्टरला दाखव.”

“पालीचा रगत नसतं तं काय पानी असतं?”

“माझ्या गळ्याची शपथ, दाखव.”

तिनं माझ्याकडे पाहिलं. लाली गेली. मग ती उठली आणि पाकिटानं पुन्हा वारा घालायला लागली, जरा जोरातच. “तुझा बरा होऊ दे आधी,” म्हणाली. तो विषय तिच्यापुरता संपला.

घरी आल्यावर तीन आठवडे मी तिच्या मागे लागले. विनवणी केली, रुसले, जेवले नाही. जेवले नाही तर ती ताट घेऊन यायची आणि घास भरवायची. मी रडले तर पाठीवरून हात फिरवून म्हणायची, “आजारात मन हलका होतं, रड.” मी खरं काय ते सांगत होते आणि ती माझ्या आजारालाच समजावत होती. इतकी वर्षं ज्या बाईला मी हसवायला रडल्याचं सोंग करून दाखवलं, तिला माझं खरं रडणं ओळखायला कोण शिकवणार होतं?

शेवटी मी तिला फसवलं. डॉक्टरीणबाईंना दाखवायला जायचंय, एकटीला चक्कर येते, तू चल, म्हटलं. माझ्यासाठी ती कुठेही येते. ती चांगली साडी नेसून आली, पिशवीत माझ्यासाठी पाण्याची बाटली आणि हातपंखा घेऊन.

जायच्या आदल्या दिवशी मी फोन करून डॉक्टरीणबाईंना सगळं सांगितलं होतं. मग त्या म्हणाल्या, “तू तो टीचर है ना?” एवढंच.

खोलीत गेल्यावर त्या वैनीला म्हणाल्या, “आओ, उधर लेट जाओ.”

वैनी हसली. “मी नाय, ही हाय पेशंट.”

“वैनी,” मी म्हटलं, “आधी तू.”

तिनं माझ्याकडे पाहिलं. मग डॉक्टरीणबाईंकडे. ती निघून जाऊ शकली असती. दार उघडंच होतं. पण परक्या माणसासमोर तमाशा करणं तिला जमत नाही, ते माझं काम. तिनं हातातली पिशवी माझ्याकडे दिली आणि पडद्यामागे गेली. मला बाहेर बसायला सांगितलं.

बाहेर बाकावर एक जाडजूड मावशी बसल्या होत्या. “अंदर कौन है? बहू?” त्यांनी विचारलं.

“जेठानी.”

“जेठानी? इस उमर में?” त्यांचे डोळे एवढे मोठे झाले की मला राहवलं नाही. मी म्हटलं, “क्या करें, हमारे घर में सब देर से होता है.” मावशी खो खो हसल्या. बाक हलला. मला क्षणभर बरं वाटलं, अगदी पूर्वीसारखं. मग आतून स्टीलच्या भांड्यात काहीतरी ठेवल्याचा आवाज आला आणि मला भपका आला. हातपंखा पिशवीत होता. तो मला काढवला नाही.

डॉक्टरीणबाईंनी सोनोग्राफी केली, अस्तर जाड आहे म्हणाल्या, आणि नळीनं आतला तुकडा काढून तपासायला पाठवला. रिपोर्टला आठ दिवस.

परत येताना रिक्षात वैनी रस्त्याकडे पाहत होती. पोटावर हात दाबून. अंबरनाथ मागे पडल्यावर म्हणाली, “आत मना दुखत व्हता आणि तू भायेर हसवत व्हतीस.”

मी पिशवीतला हातपंखा काढून तिच्यापुढे धरला.

“तुना म्हाईत व्हता? देताना?”

“नाही, वैनी. डॉक्टर म्हणाल्या होत्या कुणाला देऊ नकोस. का ते नव्हतं माहीत.”

“देऊ नको म्हनाली व्हती?”

“हो.”

“मग गप बस,” ती म्हणाली.

आठ दिवस ती माझ्याशी बोलली नाही. माझं करणं मात्र चुकवलं नाही. सकाळी येऊन माझ्या हाताचा व्यायाम करून घ्यायची. भिंतीवर बोटं चालवत हात वर न्यायचा असतो. ती माझं कोपर धरून उभी राहायची, आणि हात कुठवर गेला ते पेन्सिलीनं भिंतीवर खूण करायची. तोंडातून शब्द नाही. मी एक-दोनदा काही बोलायला गेले. तिनं कोपर आणखी वर ढकललं. दुखलं. ती मला शिव्या देईल, घरात सगळ्यांना सांगेल, दीर येऊन माझ्या नवऱ्याशी भांडतील, याची मी वाट पाहत होते. तसं झालं असतं तर मला काहीतरी करायला मिळालं असतं. पाया पडले असते, घर सोडून जाते म्हटलं असतं. तसं काहीच झालं नाही.

रिपोर्ट आणायला आम्ही दोघीच गेलो. कॅन्सर नाही. पण पेशी वाढल्या आहेत, आणि त्या अशाच वाढू दिल्या तर पुढे काय होईल ते सांगता येत नाही. डॉक्टरीणबाईंनी जुनी गोळी बंद करायला लावून तिला दुसऱ्या संप्रेरकाच्या गोळ्या दिल्या, सहा महिने. मग पुन्हा तुकडा काढून पाहायचा. अस्तर उतरलं तर ठीक, नाहीतर पिशवी काढायची. “अभी कुछ नहीं बोल सकती,” म्हणाल्या. वैनीनं विचारलं, “रगत थांबल ना?” त्या म्हणाल्या, “देखेंगे.”

घरी आल्यावर सगळ्यांनी विचारलं, काय झालं. मी तोंड उघडलं. वैनी माझ्या आधी बोलली. “काय नाय. वयानं होतं. गोल्या दिल्यात.” आणि भांडी घासायला गेली. आजतागायत तिनं घरात कुणालाही खरं सांगितलेलं नाही. मी सांगायला निघाले तर तिनं माझ्याकडे अशी एक नजर टाकली की मी परत बसले. तिला माझी अब्रू वाचवायची आहे, की स्वतःचा लाजलेला चेहरा कुणाला कळू द्यायचा नाही, ते मला कळलेलं नाही. विचारायची सोय नाही.

माझी किरणं झाली. आता मला रोज एक गोळी आहे, पाच वर्षं. पूर्वीची गोळी बाहेरून माल आणायची. ही गोळी शरीरात जे काही चुकूनमाकून तयार होतं तेही बंद पाडते. बोटं सकाळी दुमडत नाहीत, खडू धरताना दुखतं, आणि भपके दिवसातून आठ-दहा. सर्जन म्हणाले, त्याच्यावर दुसरं काही देऊन पाहू, पण इस्ट्रोजेन विसरा. वैनीचेही भपके परत आलेत. कधी कधी अंगणात आम्ही दोघी एकाच वेळी पदर झटकायला लागतो. पूर्वी असं झालं असतं तर मी त्याचं काय काय केलं असतं! आता ती दुसरीकडे पाहते, मीही पाहते.

बोलते ती माझ्याशी. भाजी काय करायची, नळाला पाणी आलं का, अंगणातला दोर कोणी तोडला. एवढंच बोलते. रक्त थांबलं का, हे मी तिला दोनदा विचारलं. पहिल्यांदा म्हणाली, “हो.” दुसऱ्यांदा म्हणाली, “कदी कदी.” यातलं कुठलं खरं ते मला माहीत नाही. दोरीवर काय वाळत घातलंय ते मी पाहते. ती मागच्या बाजूला, मला दिसणार नाही असं वाळत घालते, की तिथे काही नसतंच, तेही मला माहीत नाही.

सहा महिने या गुरुवारी पुरे होतात. काल ती अंगणात तांदूळ निवडत होती. मी समोर जाऊन बसले आणि विचारलं, “गुरुवारी मी येऊ का?”

ती निवडत राहिली. एक खडा काढला, बोटानं उडवला.

“ये,” म्हणाली. “तुझ्या भावजींना काय म्हाईत नाय, त्यांना नाय नेवाचा. आणि मना एकटीला भ्या वाटतं.”

इतक्या वर्षांत वैनीच्या तोंडून मी हे कधी ऐकलं नव्हतं. मला तिला काहीतरी सांगायचं होतं. बरं होईल, काही निघणार नाही, असं काहीतरी. पण यातलं काही मला ठाऊक नव्हतं, आणि मला ठाऊक नसलेलं मी तिला एकदा दिलं होतं.

मी “बरं” म्हटलं आणि सुपाची दुसरी बाजू धरली.